वाण नाही, पण गुण : संगतीचा परिणाम मोजण्याची धडपड

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. या म्हणीत अर्थशास्त्रातला एक अवघड प्रश्न अर्धा सुटलेला आहे. पवळ्या आपल्या पायांनी ढवळ्याशेजारी गेलेला नाही, त्याला कुणीतरी तिथे बांधलं आहे. म्हणून पुढे त्याच्यात दिसलेला बदल संगतीचा, असं म्हणायला आधार मिळतो. माणसांच्या बाबतीत ही सोय नसते. मित्र, वस्ती, शाळा आपण निवडतो आणि बहुतेकदा आपल्यासारख्यांतच जाऊन बसतो. सिगारेट ओढणाऱ्याचे मित्रही सिगारेट ओढतात, हे कुणीही मोजून दाखवेल. पण सवय मैत्रीतून लागली की मैत्री सवयीतून जमली?

संगतीचं महत्त्व अर्थशास्त्राला ठाऊकच नव्हतं, असं नाही. थोर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दाखवण्यासाठी केल्या जाणाऱ्या खर्चावर लिहिलं होतं. जेम्स ड्यूझेनबेरी यांनी १९४९ मध्ये मांडलं, की घर किती बचत करतं हे इतरांच्या तुलनेत त्याचं उत्पन्न कुठे आहे यावरही ठरतं. तरी पाठ्यपुस्तकातला ग्राहक बराच काळ एकटाच राहिला : त्याची आवड, त्याचं उत्पन्न आणि बाजारातली किंमत.

मोजमापाला मोठी चालना मिळाली ती शाळांमुळे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार शैक्षणिक संधींची देशव्यापी पाहणी झाली. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा त्यावरचा अहवाल १९६६ मध्ये आला. मुलाच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा सर्वांत मोठा, आणि शाळेच्या इमारती व साधनांपेक्षा वर्गसोबती कोणत्या घरांतून आलेत याचा संबंध अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुलांनी एकत्र शिकण्याच्या वादात तो सतत पुढे केला गेला. पण चांगल्या वर्गसोबत्यांच्या शाळेत मूल घालणारे पालक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, ही शंका तशीच राहिली.

या शंकेला नेमकं रूप दिलं अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी, १९९३ मध्ये. माझ्या मते या विषयाचे सरळ दोन कालखंड पडतात, मॅन्स्कींच्या आधीचा आणि नंतरचा. एका गटातली माणसं सारखी वागतात, याची त्यांनी तीन कारणं वेगळी केली. इतरांची वागणूक पाहून मी बदलतो, हे पहिलं. इतरांची पार्श्वभूमी, म्हणजे त्यांच्या घरचं शिक्षण किंवा उत्पन्न, माझ्यावर परिणाम करते, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे कुणाचाच कुणावर परिणाम नसतो. शिक्षक एक, परिस्थिती एक किंवा मुळात स्वभाव एक, म्हणून सगळे सारखे दिसतात.

हे वेगळं करणं का गरजेचं? वागणूकच पसरत असेल, तर एका मुलाला दिलेल्या शिकवणीचा फायदा त्याच्या सोबत्यांनाही होतो. कारण तिसरं असेल, तर तो त्या मुलापाशीच थांबतो. पण मॅन्स्कींनी दाखवलं, की गटाची सरासरी घेऊन केलेल्या नेहमीच्या हिशेबात ही कारणं सुटी होत नाहीत, कारण ती सरासरी गटातल्या माणसांपासूनच बनलेली असते. त्यांनी उदाहरण आरशाचं दिलं. माणूस आणि त्याचं प्रतिबिंब एकाच वेळी हलताना दिसतात. आरसा कसा काम करतो हे माहीत नसलेल्याने कोण कुणाला हलवतंय हे कसं ओळखावं?

उत्तर शोधताना अनेकांना ‘कुणीतरी बांधलेला’ पवळ्या हवा होता. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांना तो अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या वसतिगृहात सापडला. तिथे नव्या विद्यार्थ्यांना काही सवयी विचारून पुढे चिठ्ठ्या टाकल्यासारखे खोलीसोबती ठरत. २००१ च्या त्यांच्या अभ्यासात खोलीसोबत्याचा परिणाम गुणांवर आणि विद्यार्थ्यांच्या क्लबांत सामील होण्यावर दिसला. मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र दिसला नाही. अलेक्झांडर मास आणि एन्रिको मोरेट्टी यांनी २००९ मध्ये सुपरमार्केटच्या कॅशियरांचा वेग तपासला. चपळ सहकारी पाळीवर आला की इतरांचे हात भरभर चालू लागत, पण मुख्यतः त्याची नजर ज्यांच्यावर पडू शकते त्यांचेच.

निवडीचा प्रश्न न सोडवता पुढे गेलं तर काय होतं, याचा उत्तम नमुना याच काळातला आहे. २००७ मध्ये निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहरात चाललेल्या आरोग्य-पाहणीतल्या १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदींवरून मांडलं, की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. पुढच्याच वर्षी ईथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी तशीच पद्धत किशोरवयीन मुलांच्या माहितीला लावली. त्या हिशेबाने मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्राकडून ‘लागत’ होती. भोवतालच्या परिस्थितीचा हिशेब धरल्यावर हे परिणाम विरत गेले. उंची म्हणजे म्हणीतलं वाण. ज्या मोजपट्टीवर वाणही लागलेलं दिसतं, तिने मोजलेल्या गुणावर विश्वास कसा ठेवायचा? लठ्ठपणावर मित्रांचा परिणाम होतच नाही, असं यातून सिद्ध होत नाही. एवढ्या पुराव्यावर तो होतो असंही म्हणता येत नाही.

यानंतरचा एक प्रयोग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत स्कॉट कॅरेल, सॅसरडोट आणि जेम्स वेस्ट यांनी आधीच्या आकडेवारीवरून हिशेब मांडला, की अभ्यासात मागे असलेल्यांना हुशार सोबती दिले तर त्यांचे गुण वाढतील. मग नव्या तुकड्या मुद्दाम तशाच रचल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल उलटा होता : ज्यांना मदत करायची होती, त्यांचेच गुण घसरले. तुकडीच्या आत हुशार मुलं हुशारांबरोबर आणि मागे पडलेली त्यांच्यासारख्यांबरोबर अभ्यासाला बसू लागली होती. दावं संशोधकांनी बांधलं होतं, पण कुणाशेजारी बसायचं हे शेवटी मुलांनीच ठरवलं.