धर्मभगिनी : गरिबांच्या सेवेतले जीवन (ठाणे–नवी मुंबई)

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या कॅथलिक संघात राहणारी स्त्री म्हणजे धर्मभगिनी. ठाण्यात आणि नवी मुंबईत तिला सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. दवाखान्यातल्या परिचारिकेलाही तेच नाव, त्यामुळे वस्तीत पहिल्यांदा येणाऱ्या भगिनीला ‘इंजेक्शन देता का?’ हा प्रश्न हमखास येतो. मठाचा उंबरठा न ओलांडता प्रार्थनेत आयुष्य काढणाऱ्या मठवासिनी निराळ्या. ही नोंद कामासाठी बाहेर पडणाऱ्या भगिनींची आहे.

ठाण्याचे ख्रिस्ती नाते जुने आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू येथे मारले गेले, आणि मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज अमदानीची आठवण सांगते. स्त्रियांचे सेवाभावी संघ मात्र मुंबई परिसरात एकोणिसाव्या शतकात आले. पुढे १९४२ मध्ये अंधेरीला मदर अ‍ॅना ह्युबेर्टा या जर्मन भगिनीने ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ इथल्याच गरजेतून उभा केला. १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) वेगळा झाला. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई महाधर्मप्रांतातच राहिले. इथल्या भगिनींमध्ये वसईच्या, मंगळूरच्या, केरळच्या, झारखंडच्या अशा सगळीकडच्या मुली असतात. अनेकींचे मराठी वस्तीतल्या बायकांशी बोलता बोलताच घडते.

भगिनी होणे एका दिवसाचे काम नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नवदीक्षितांमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या शिकाऊ भगिनींमध्ये, प्रवेश मिळत नाही. हा काळ किमान बारा महिन्यांचा आणि जास्तीत जास्त दोन वर्षांचा. मग तात्पुरती व्रते, निदान तीन वर्षांची, आणि एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावरच आजन्म व्रते. मधल्या वर्षांत मुलगी परत फिरू शकते, संघही तिला परत पाठवू शकतो. मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’त चौथे व्रतही आहे : गरिबांतल्या गरिबाची मनापासून आणि विनामूल्य सेवा. त्यांची निळ्या काठाची पांढरी साडी कोलकात्याजवळच्या टिटागढला कुष्ठरोगातून उठलेले विणकर विणतात. प्रत्येकीला तीन साड्या : एक अंगावर, एक धुण्यात, एक सणासाठी.

या जीवनाचा गाभा दारिद्र्यव्रतात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ब्रह्मचर्याचीच चर्चा जास्त होते, ती उगाच. भगिनी शाळेत शिकवत असेल, रुग्णालयात नोकरी करत असेल, तरी तिचा पगार संघाचा. आजन्म व्रतांआधी तिला आपल्या मालमत्तेचे मृत्युपत्र करून ठेवावे लागते. हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या भगिनींचा आणि धर्मगुरूंचा पगार त्यांच्या हाती राहतच नाही, मग त्यातून प्राप्तिकर कापायचा कशाला, असे संघांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले : पगार व्यक्तीच्या नावे निघतो, तेव्हा कर कापला जाणारच. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण बसभाड्याचे पैसेही मठाच्या पेटीतून मागून घेणाऱ्या बाईला ‘पगारदार’ म्हणताना जीभ अडखळते.

दिवस पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. ध्यान, सामूहिक प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), न्याहारी, मग काम. तुर्भे स्टोअर, दिघा, इलठणपाडा, वागळे इस्टेटच्या चाळी अशा वस्त्यांत नाक्यावर, एमआयडीसीत राबणारी माणसे राहतात. तिथे कामाची खरी रीत म्हणजे घरभेट. क्षयाच्या रुग्णाला सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या असतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते, माणूस पुन्हा नाक्यावर उभा राहतो आणि गोळ्या फळीवर तशाच राहतात. भगिनी दारात चप्पल काढून आत बसते, आधी पोरांची चौकशी करते, मग गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन रिकामे खळगे मोजते. लघवी लाल होईल, घाबरू नका, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलेले असते. ते न सांगितल्यामुळे औषध सोडणारी माणसे कमी नाहीत.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचे काम आणखी चिकाटीचे. जंतू मेले तरी पायाची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, त्यामुळे खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. घमेल्यात साधे पाणी घेऊन पाय वीसेक मिनिटे बुडवून ठेवायचा, मऊ झालेला घट्टा, म्हणजे जाड कातडी, दगडाने हळूहळू घासायचा, पाय ओला असतानाच तेल लावायचे. भगिनी हे स्वतः करते, आणि करता करता त्या माणसाला, त्याच्या सुनेला शिकवते. वर्षानुवर्षे ज्याच्या पायाला घरच्यांनीही हात लावलेला नसतो, तो पहिल्या वेळी पाय मागे ओढून घेतो. मऊ रबराची चप्पल मिळवून देणे, रेशनकार्डासाठी शिधावाटप कार्यालयात त्याच्याबरोबर उभे राहणे, हेही त्याच कामात मोडते.

‘सेवेच्या आडून धर्मांतर’ हा आरोप भगिनींना ऐकावा लागतो. ज्या घरांत त्या जातात तिथे देव्हाऱ्यात खंडोबा असतो, भिंतीवर बाबासाहेब असतात, आणि ते तिथेच राहतात.

संध्याकाळी जपमाळ, जेवण, रात्रीची प्रार्थना. काही वर्षांनी वरिष्ठांचे बदलीचे पत्र येते. आज्ञापालनाचे व्रत इथे सर्वांत जड जाते. सामान एका बॅगेत मावते. जाण्यापूर्वी ती नव्या भगिनीला घेऊन एक शेवटची फेरी मारते आणि वही तिच्या हाती देते : कोणाच्या गोळ्या किती उरल्या, कोणाचा कोणता पाय, कोणाच्या घरी सकाळी आठच्या आत गेले तरच माणूस भेटतो.