परदेशी प्रश्नावली मुंबईच्या दारात कशी पोचली

देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ सालची. तिच्या समन्वयाखाली १९९२-९३ मध्ये पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं, तेव्हा हाताशी परदेशी प्रश्नावलीचा तयार साचा होता. १९७२ साली सुरू झालेल्या जागतिक प्रजनन सर्वेक्षणाचा वारसा १९८४ साली डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज या अनेक देशांतल्या सर्वेक्षणांच्या मालिकेकडे गेला होता. रीत अशी की गाभ्याचे प्रश्न सगळीकडे तेच, स्थानिक प्रश्न देशाने जोडायचे. कोणाला विचारायचं, हेही देश ठरवत. भारताने पहिल्या दोन फेऱ्यांत लग्न झालेल्या स्त्रियांनाच विचारलं. अविवाहित स्त्रिया २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत आल्या.

इंग्रजी प्रश्न मराठीत आणायचे म्हणजे भाषांतर आलं. ते तपासायला ‘उलट भाषांतर’ रूढ झालं ते मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखानंतर. एकाने इंग्रजीचं मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचं पुन्हा इंग्रजी, मग दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. मराठी न येणाऱ्या अधिकाऱ्यालाही हे तपासता येतं, म्हणून ते आवडतं. पण शब्दाला शब्द ठेवून केलेलं वाईट मराठी उलटं फिरवलं की मूळ इंग्रजी तंतोतंत परत येतं! २००२ पासूनच्या युरोपियन सोशल सर्व्हेने सर्वेक्षणांच्या भाषांतराच्या अभ्यासक जॅनेट हार्कनेस यांची रीत घेतली: दोघांची स्वतंत्र भाषांतरं, एकत्र बसून चर्चा, अंतिम निर्णय, पूर्वचाचणी आणि प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद. खर्च वाढतो, पण चूक घरोघरी जायच्या आत सापडते.

काही चुका भाषेच्या नसतातच. एसएफ-३६ या ३६ प्रश्नांच्या आरोग्य प्रश्नावलीत ‘मध्यम श्रमां’ची उदाहरणं आहेत टेबल हलवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग, गोल्फ. चाळीतल्या आजींना यातलं टेबल तेवढं लागू. बदली उदाहरण तेवढ्याच श्रमाचं हवं: केर काढणं चालेल, भरलेला हंडा दोन जिने चढवणं नाही. जड काम घातलं तर मुंबईकर कागदावर उगाच अशक्त दिसतात.

उत्तरांच्या पायऱ्यांवर, म्हणजे ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्णपणे’पर्यंतच्या पर्यायांवर, सर्वांत नेटकं काम जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जीवनमान प्रश्नावलीसाठी केलं. १५ केंद्रांत दिल्ली आणि मद्रासही होती. दोन टोकांचे शब्द ठरवून मधले शब्द लोकांना १० सेंटीमीटरच्या रेषेवर मांडायला सांगितले. ज्याची सरासरी २० ते ३० टक्क्यांत पडली तो पाव पायरीचा शब्द, ४५ ते ५५ मधला अर्ध्याचा, ७० ते ८० मधला पाऊण पायरीचा. ‘बरंच’ आणि ‘खूप’ यांतलं अंतर कार्यालयात बसून ठरवलं की पुढचं सगळं गणित डळमळतं.

वयाचा प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तरं ३०, ३५, ४० अशा आकड्यांवर साचतात. उपाय घटनांच्या यादीचा, तेव्हा तुम्ही केवढे होतात असं विचारायचं: कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बाहत्तरचा दुष्काळ, २६ जुलै २००५ चा पाऊस. बाळाचं वय महिन्यांत हवं असतं, तेव्हा सण विचारतात. मात्र पंचांग जवळ हवं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि निज श्रावण ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाला.

मुंबईत आणखी एक पेच. फॉर्म मराठी, घर भोजपुरी, आणि मुलाखतकार उभ्या उभ्या हिंदी करतो. वरची सगळी मेहनत तिथेच गळते. म्हणून प्रश्नावलीची भाषा, मुलाखतीची भाषा, उत्तर देणाऱ्याची मातृभाषा आणि दुभाषा होता का, असे चार वेगळे रकाने पहिल्या पानावर ठेवतात. विश्लेषण करताना ते आधी उघडावेत.