महाराष्ट्रातला हिवाळा : थंडी, धुरकं आणि वीज

महाराष्ट्रातला हिवाळा म्हणजे साधारण दिवाळी सरल्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ, निदान आपण सगळे तसंच धरून चालतो. हवामान खात्याच्या हिशोबात मात्र हिवाळा फक्त जानेवारी आणि फेब्रुवारीचा, डिसेंबर त्यांच्याकडे मान्सूननंतरच्या महिन्यांत जातो. आता हे निफाडच्या द्राक्षवाल्याला सांगून बघा, डिसेंबरात पहाटे चारला बागेत शेकोट्या पेटवत फिरत असतो तो. असो. या दिवसांत राज्यावर आभाळ निरभ्र असतं, हवा कोरडी असते आणि जमिनीलगतचा वारा जवळपास पडलेला असतो. थंडी, शहरांतलं धुरकं, पवनचक्क्यांची सुस्ती आणि सोलरची चलती, या चारही गोष्टी तिथूनच येतात, म्हणून त्या एकाच नोंदीत घेतल्यात.

थंडी कुठून येते

भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हिमालयावर येऊन आदळतात, तिकडे बर्फ पडतो, पाऊस पडतो, आणि ते पुढे सरकले की मागून उत्तरेचे कोरडे गार वारे खाली मध्य भारताकडे मोकळे सुटतात. टीव्हीवर काश्मीरमध्ये बर्फवृष्टी दाखवली की दोन-तीन दिवसांनी आपल्याकडे हुडहुडी, हा ठोकताळा त्यामुळे बऱ्यापैकी जमतो. पण झंझावात अगदी जवळ असताना किंवा बंगालच्या उपसागरात काही शिजत असलं की उलटं होतं, ढग येतात, रात्र उबदार होते आणि लोक म्हणायला लागतात की यंदा थंडीच नाही. ला निनाच्या वर्षी (प्रशांत महासागराचं पाणी गार पडतं तेव्हा) थंडी जास्त आणि एल निनोच्या वर्षी (ते तापतं तेव्हा) कमी असंही सांगतात, ढोबळ मानाने ते खरंय पण दर वर्षी त्यावर पैज लावू नये.

हे झालं बाहेरून येणाऱ्या थंडीचं. बाकीची थंडी इथेच तयार होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आकाशाकडे सोडून देते, वर ढग नाहीत आणि हवेत बाष्प नाही म्हणून अडवायला कोणी नाही, मग जमिनीला टेकलेली हवा सगळ्यात गार होते आणि तिच्या वरची थोडी उबदार राहते. एरवी उंच गेलं की गार वाटतं, इथे उलटा थर बसतो. म्हणूनच हिवाळ्यात कित्येक दिवस महाबळेश्वरचं किमान तापमान पुण्यापेक्षा जास्त भरतं आणि पेपरात 'पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड' ही बातमी दर वर्षी नव्याने येते. पुण्यातसुद्धा पाषाण, एनडीए, शिवाजीनगर एकीकडे आणि मगरपट्टा, वडगाव शेरी दुसरीकडे, एकाच पहाटे काही अंशांचा फरक पडतो, कारण गार हवा जड असते आणि खोलगट, मोकळ्या जागी उतरून साचते, तर काँक्रीटचा पट्टा दिवसाची ऊब रात्री सोडत बसतो.

महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला जेट्टीवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून पांढरा थर जमतो तेव्हा वेधशाळेचा आकडा मात्र शून्याच्या बराच वर असतो, लोकांना वाटतं कोणीतरी चुकतंय. कोणी चुकत नाही. सरकारी थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर लाकडी पेटीत असतो आणि पानाजवळचं तापमान त्यापेक्षा कितीतरी खाली गेलेलं असतं.

नुसतं गार पडलं म्हणून थंडीची लाट होत नाही, तिचे नियम ठरलेले आहेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असावं लागतं, नाहीतर सरळ ४ अंश किंवा त्याखाली. किनारपट्टीसाठी १५ अंश पुरतात, म्हणजे मुंबईकरांची चेष्टा करायला हवामान खात्यानेच जागा करून ठेवलीय. अर्थात मुंबईत सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंशांची नोंद आहे आणि पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ पर्यंत उतरला होता. अलीकडचा कडाका म्हणजे डिसेंबर २०१८ चा शेवटचा आठवडा, निफाडला १.८ आणि नागपूरला ३.५.

निफाड आणि बागा

निफाडचा आकडा जो बातम्यांत येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा. गोदावरी-कादवेचं सपाट उघडं खोरं, रात्रीची गार हवा तिथे येऊन बसते. गव्हाला हे सगळं मानवतं, हरभऱ्यालाही थंडी लागतेच, आणि त्याच्या पानांवरची आंबट आंब गोळा करायला रात्री फडकं पसरून पहाटे पिळायची पद्धत जुन्या लोकांना अजून आठवते. द्राक्षाचं गणित वेगळं. ऑक्टोबरात छाटणी झालेली असते, मण्यात पाणी उतरायच्या वेळेलाच पारा सात-आठच्या खाली गेला की मुळं काम करेनाशी होतात, मणी फुगत नाही, पुढे अचानक ऊन तापलं की तडकतो. मग उपाय दोन, एक म्हणजे ओळींमधून काडीकचऱ्याच्या शेकोट्या करून धूर धरायचा, म्हणजे ऊब बागेत राहते, आणि दुसरा पहाटे ड्रिप सोडायचं, कारण बोअरचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं. खानदेशात केळीला हीच अडचण, थंडी लांबली की वाढ खुंटते आणि करप्याचा जोर वाढतो.

थंडीपेक्षा जास्त धसका आता अवकाळीचा बसलाय. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारा पडल्या आणि तयार होत आलेल्या बागा एका संध्याकाळीत झोडपल्या गेल्या. अरबी समुद्र तापतोय आणि तिकडून येणारं बाष्प झंझावाताला भेटलं की हे असं होतं.

याच निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, आणि बागायतदाराला नको असणाऱ्या याच थंडीत तिकडे उत्तरेकडचे पाहुणे पक्षी थव्याथव्याने उतरतात.

धुरकं

जो उलटा थर थंडी धरून ठेवतो तोच धूरही धरून ठेवतो. उन्हाळ्यात दुपारी जमिनीलगतची हवा तापून दीड-दोन किलोमीटर वर जाते आणि धूळ-धूर पातळ होतो, हिवाळ्यात पहाटे हे झाकण काहीशे मीटरवरच असतं, त्यामुळे वाहनं तेवढीच, कारखाने तेवढेच, पण हवा दुप्पट घाण. मुंबईचा सगळा भरवसा समुद्राच्या वाऱ्यावर. सकाळी जमिनीकडून पूर्वेचा वारा असतो, तो दुपारकडे फिरतो आणि शहर धुऊन निघतं, पण वारं फिरायला उशीर झाला की पारा ३४-३५ आणि धुरकं दोन्ही एकदम. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारं बरेच दिवस मंदच राहिलं आणि काही दिवशी मुंबईचे आकडे दिल्लीच्या वर गेले, तेव्हा कुठे लोकांनी हा विषय गंभीरपणे घेतला.

आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, मर्यादा २४ तासांना घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. म्हणजे आपल्या ॲपवर 'समाधानकारक' दिसणारी हवा त्यांच्या हिशोबात तशी नसते, हे लक्षात ठेवलेलं बरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, प्लॉट केवढा आहे त्यानुसार भोवती २५ किंवा ३५ फूट पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाणी मारणं, डंपर झाकून आणि चाकं धुऊन. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या पावाच्या भट्ट्यांना गॅस किंवा विजेवर जायला सहा महिने दिले, त्यावर बेकरीवाले म्हणाले पाव महागेल, खाणारे म्हणाले चव जाईल. रात्री वॉचमन लोक जी शेकोटी करतात, त्यात टायर आणि प्लास्टिक बिनदिक्कत जातं, त्याला मनाई आहे पण त्या माणसाला एक हीटर देणं सोसायटीला जमत नाही हा भाग वेगळा.

चंद्रपूरचं दुखणं जुनं. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, कोळसा खाणी आणि वर हिवाळ्यातली पडलेली हवा.

वीज कोण मागतं

उत्तरेत थंडी म्हणजे हीटरचा भार, आपल्याकडे तसं फारसं नाही. सकाळी गीझरची एक लाट येते. पुण्यात जुन्या वाड्यातले तांब्याचे बंब गेले, गच्चीवर सोलरचे पाइप आले, महापालिका अशा सोयींसाठी मालमत्ता करात ५ ते १० टक्के सूटही देते, फक्त नळ्यांचं पाणी हिवाळ्यात सकाळी तिसऱ्या अंघोळीला कोमट होतं ही घरोघरची तक्रार. खरा भार रब्बीचा. गहू, हरभरा, कांदा, ऊस सगळ्याला पाणी हवं, विहिरी भरलेल्या असतात, आणि लाखो कृषिपंप एकदम ओढायला लागतात.

वर्षानुवर्षं शेतकऱ्याला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळीने मिळायची, म्हणजे जानेवारीत रात्री दोनला दारं धरायला जायचं, पायात चिखल, अंगावर घोंगडी, विंचू-सापाची भीती आणि जुन्नर पट्ट्यात बिबट्याची. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच्यावरचा उतारा म्हणून आली, गावाजवळच्या सबस्टेशनला लागून काही मेगावॉटचा सोलर प्लांट आणि त्यावर फक्त शेतीचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती, तिचं उद्दिष्ट पुढे वाढत थेट १६ हजार मेगावॉटवर गेलं. माझ्या मते राज्यातल्या स्वच्छ ऊर्जेच्या सगळ्या योजनांत हीच सगळ्यात सरळ आहे, कारण दिवसा तयार होणारी वीज दिवसाच वापरायला गिऱ्हाईक तयार आहे. मेख एकच, द्राक्षवाल्याला ड्रिप लागतं पहाटे चारला आणि तेव्हा सूर्य कुठे?

हिवाळा सोलरला चांगला की वाईट याबद्दल लोकांचा गोंधळ असतो. दिवस लहान, पुण्यात जेमतेम ११ तास, सूर्य दक्षिणेकडे कललेला, हे तोट्याचं. पण आभाळ स्वच्छ आणि पॅनल गार. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर जसं जातं तसं दर अंशाला उत्पादन ०.३ ते ०.४ टक्के घटतं, त्यामुळे मे महिन्यात रखरखीत उन्हात पॅनल साठीला पोचलं की जे नुकसान होतं ते जानेवारीत होत नाही. दक्षिणेकडे तोंड करून १८-२० अंशांचा कल ठेवला, म्हणजे आपल्या अक्षांशाइतका, तर बरंच भरून निघतं. अडचण धुळीची, ऑक्टोबरनंतर मेपर्यंत फारसा पाऊस नाही, आणि रात्रीच्या दवाने ती धूळ चिकटून बसते, तर धुवायला पाणी लागतं, तेही साक्री-धुळ्यासारख्या पाणी जपून वापरणाऱ्या भागात.

सहाच्या सुमाराला सूर्य बुडाला की सोलर शून्य आणि घराघरात दिवे, टीव्ही, स्वयंपाक सुरू. हा खड्डा भरायला कोयना, १९६० मेगावॉट, बटण दाबल्यावर काही मिनिटांत वीज. पण कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफूट) बांधून ठेवलंय, हिवाळ्यात सढळ हाताने सोडलं तर मे महिन्यात हात आखडता घ्यावा लागतो. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. असे आणखी प्रकल्प सह्याद्रीत येऊ घातलेत, आणि घाटमाथ्यावरच्या जंगलाचं काय हा प्रश्न त्यांच्या मागोमाग येतोच.

पवनचक्क्या आणि सरडे

हिवाळ्यात साताऱ्याहून चाळकेवाडीला वर गेलात तर बऱ्याच पवनचक्क्या नुसत्या उभ्या दिसतील किंवा आळसाने फिरताना. बिघडलेल्या नसतात. राज्यातल्या वाऱ्याचा हंगाम जून ते ऑगस्ट, नैर्ऋत्य मान्सूनचा, तेव्हा वनकुसवड्याच्या पठारावर माणसाला उभं राहवत नाही. म्हणजे सोलर पावसाळ्यात झोपतं तेव्हा वारा जागा असतो, ही जोडी वर्षाच्या हिशोबात छान जमते, पण डिसेंबरच्या संध्याकाळी दोघंही नसतात.

याच चाळकेवाडीवर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपटीने कमी, आणि त्यामुळे तिथल्या रंगीत गळपिशवीच्या सरड्यांची संख्या वाढलेली, शिवाय त्यांच्या रक्तातला ताणाचा हार्मोन कमी, माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. वरवर सरड्यांची चंगळ, पण गर्दीमुळे अंगाने बारीक. हा सरडा, सारडा सुपरबा, २०१६ मध्येच स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला, तोही याच पठारावरून.

सोलरची गोष्ट माळरानावर. सोलापूर, नगर, धुळ्याकडची गवताळ माळरानं सरकारी कागदावर बहुतेक 'पडीक' म्हणून लागलेली, त्यामुळे जमीन शोधताना पहिली नजर तिथेच जाते. हिवाळ्यात तिथे मेंढपाळांचे वाडे असतात, लांडगे असतात, परदेशातून आलेले भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी गवतात रात्र काढतात, आणि नान्नजला माळढोक होते, आता नावापुरते. पवन आणि सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखाली पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, म्हणून आधी पक्षी मोजा मग खांब गाडा असं बंधन कोणावर नाही. चाळकेवाडीचा अभ्याससुद्धा झाला तो चक्क्या उभ्या राहून पंधरा-वीस वर्षं उलटल्यावर.