पू हिरडीकडून आला की टोकाकडून?

इम्प्लांटजवळ (पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूजवळ) पुळी आली, पू आला की सगळे एकच नाव घेतात: पेरी-इम्प्लांटायटिस. मग माउथवॉश, बारीक ब्रश आणि ‘स्वच्छता पाळा’ हा उपदेश. पू इम्प्लांटच्या हाडातल्या टोकाकडून आलेला असेल तर यातल्या कशानेही फरक पडत नाही. वर, रोज मनापासून दात घासणाऱ्या माणसालाच अपराधी वाटायला लागतं. याचा मला मनापासून राग येतो.

पेरी-इम्प्लांटायटिस म्हणजे हिरडीकडून सुरू होणारं इम्प्लांटभोवतीचं इन्फेक्शन. हिरडीच्या काठाशी जंतूंचा थर साचतो, प्रोब (हिरडीच्या फटीची खोली मोजायची बारीक सळई) घातला की रक्त येतं आणि हाड इम्प्लांटच्या मानेपासून बशीसारखं झिजत जातं. बहुधा काही वर्षांच्या वापरानंतर. सिगारेट, हाताबाहेर गेलेला मधुमेह, जुना पायरिया यांनी धोका वाढतो. इतकं पुरे.

टोकाकडून सुरू होणाऱ्या इन्फेक्शनचं नाव रेट्रोग्रेड पेरी-इम्प्लांटायटिस. नावं इतकी सारखी ठेवली तिथेच घोळ झाला. मी तरी ‘टोकाचं इन्फेक्शन’च म्हणते. ते बहुधा इम्प्लांट बसवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसतं. एक्स-रेमध्ये स्क्रूच्या आट्यांना हाड मानेपासून घट्ट बिलगलेलं असतं, प्रोब आत जात नाही, इम्प्लांट हलत नाही. फक्त टोकाभोवती मिरीच्या दाण्याएवढा काळा डाग.

खरी गफलत पुढे होते. इम्प्लांटला नस नसते. टायटॅनियम किडत नाही आणि ‘इम्प्लांटचंच रूट कॅनल करून टाका’ ही मागणी निरर्थक आहे. मग जंतू तिथे पोचतात कसे? कधी काढलेल्या दाताच्या टोकाशी असलेलं जुनं इन्फेक्शन हाडात राहून गेलेलं असतं. आणि बऱ्याचदा शेजारच्या दाताची नस मेलेली असते. तो दुखत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याच्या मुळाच्या टोकातून जंतू हाडातून इम्प्लांटपर्यंत येतात. (ड्रिलच्या उष्णतेनेही टोकाचं हाड मरू शकतं: 1983 साली एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांवर दाखवलं की 47 अंश सेल्सिअस एक मिनिट टिकलं तरी हाडाला इजा होते.)

म्हणून शेजारच्या दातांची नस थंडाव्याने तपासायलाच हवी. पुळीच्या तोंडातून गटापर्चाची (रूट कॅनलमध्ये भरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) लवचिक काडी हळूच सरकवून एक्स-रे काढला की तिचं टोक पू कुठून येतोय ते दाखवतं. नुसत्या ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या मोठ्या एक्स-रेवर) निकाल देऊ नये. छोटा एक्स-रे हवा आणि त्यात शेजारच्या मुळाचं टोक पूर्ण दिसायला हवं. टोक कापलं गेलेला एक्स-रे मी परत काढायला लावते.

दोषी शेजारी असेल तर आधी त्याचं रूट कॅनल. ते न करता इम्प्लांटचं टोक कितीही खरवडा, पू परत येतो. त्यानंतर गरज पडली तर बाजूने हाडात खिडकी करून टोकाभोवतीचा खराब भाग काढतात, क्वचित टोकही कापतात. घट्ट बसलेला इम्प्लांट पू दिसला म्हणून उपटायचं कारण नाही. हलायला लागला तर मात्र काढावाच लागतो.

एक डाग मात्र निरुपद्रवी असतो. इम्प्लांटसाठी हाडात पाडलेलं भोक इम्प्लांटपेक्षा थोडं खोल गेलं असेल तर टोकापुढे पहिल्या दिवसापासून काळी पोकळी दिसते. दुखणं नाही, सूज नाही, पू नाही. तिला हात लावू नका. पुढच्या एक्स-रेला डाग वाढलाय का एवढंच बघा.