पोटातले इंजिन पाठीवर : जुन्या नौकांच्या रूपांतरामागचा इतिहास

अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावरील बोटयार्डांमध्ये साठ आणि सत्तरच्या दशकांत बांधलेल्या फायबरग्लासच्या नौका आजही मोठ्या संख्येने दुरुस्तीला येतात. त्यांपैकी अनेकांच्या पोटातले मूळ पेट्रोल किंवा डिझेल इंजिन, त्याचा शाफ्ट, पाण्यातला पंखा आणि सुकाणू असे सगळे काढून टाकले जाते आणि मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, एक किंवा दोन आऊटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगायची, पंख्यासह एकसंध इंजिने, बसवले जातात. वरवर पाहता हा केवळ इंजिनबदल वाटतो. प्रत्यक्षात नौकेचा सारा तळ ज्या वजनाच्या जागेभोवती आखलेला असतो ती जागाच येथे बदलते, आणि असे करण्याइतके आऊटबोर्ड समर्थ व्हायला जवळजवळ एक शतक जावे लागले. त्या शतकाचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज या कामातल्या अडचणीही नीट उमगत नाहीत.

काढून बाजूला ठेवता येईल असे यंत्र नौकेच्या मागे लावण्याची कल्पना जुनी आहे. गुस्ताव त्रुवे या फ्रेंच संशोधकाने १८८१ साली पॅरिसमध्ये सेन नदीवर विजेची मोटर लावलेली छोटी नौका चालवून दाखवली होती. पेट्रोलवरचे आऊटबोर्ड बाजारात रुळवण्याचे श्रेय मात्र दोन अमेरिकी प्रयत्नांकडे जाते. कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ मध्ये आपल्या यंत्राची चाचणी घेतली आणि नंतर त्याचे उत्पादन सुरू केले. १९०९ मध्ये मिलवॉकी येथे नॉर्वेहून आलेल्या ओले एविनरूड यांनी सुमारे २८ किलो वजनाचे, दीड अश्वशक्तीचे इंजिन विक्रीस आणले. कारखान्याचा पत्रव्यवहार आणि जाहिरात त्यांच्या पत्नी बेस पाहत असत, आणि वल्ही मारण्याचे कष्ट संपले हाच त्या जाहिरातीचा गाभा होता. या इंजिनाची स्पर्धा सुरुवातीपासून वल्ह्याशी होती, नौकेच्या पोटातल्या इंजिनाशी नव्हती, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवावे लागते. तळ्यावर मासे धरायला जाणाऱ्याला दीड अश्वशक्ती पुष्कळ झाली, परंतु खुल्या समुद्रात तेवढ्या बळाचा काहीच उपयोग नव्हता.

त्यामुळे पुढची कित्येक दशके कामाची विभागणी स्पष्ट राहिली. लहान नौकेला आऊटबोर्ड आणि मोठ्या नौकेला इनबोर्ड असा सरळ हिशेब होता. इनबोर्ड म्हणजे बहुधा मोटारगाडीचेच इंजिन, समुद्राच्या कामासाठी फेरफार केलेले. ते नौकेच्या मध्याजवळ, तळाशी बसे, त्यामुळे वजन खाली आणि योग्य जागी राहत असे. त्याचा दोष वेगळाच होता. बंद पोकळीत साचलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते, आणि असे स्फोट इतके होत की अमेरिकेने १९४० च्या कायद्यान्वये पेट्रोल इंजिनाच्या नौकांमध्ये तळाच्या पोकळीसाठी वायुवीजन सक्तीचे केले. पुढे १९८० नंतर बांधलेल्या नौकांसाठी विजेवर चालणारा ब्लोअर, म्हणजे आतली वाफ बाहेर फेकणारा पंखाही आवश्यक ठरला. आऊटबोर्डचे इंजिन उघड्यावर असल्याने हा धोका त्यात मुळातच कमी असतो, आणि आज रूपांतर करणारे अनेक मालक हे कारण आवर्जून पुढे करतात.

१९६० ची मायामी ते बहामा बेटांवरील नॅसॉ ही नौकांची शर्यत या इतिहासात फार महत्त्वाची आहे. खवळलेल्या समुद्रात ती जिंकणाऱ्या ‘मॉपी’ या नौकेचा खोल व्ही आकाराचा तळ रे हंट यांनी आखला होता आणि तिचे मालक होते डिक बर्ट्रम. दुसऱ्या क्रमांकाची नौकाही हंट यांच्याच आराखड्याची होती, पण ती चालवणारे जिम विन यांनी तिला इनबोर्ड आणि आऊटबोर्ड यांचा मिलाफ असलेली नवी यंत्रणा लावली होती : इंजिन आत, ट्रान्समला चिकटून, आणि वळणारा, वर उचलता येणारा, पंखा असलेला पाय बाहेर. विन आणि त्यांचे सहकारी चार्ली स्ट्रँग यांच्या विचारातून आलेली ही स्टर्नड्राइव्ह यंत्रणा व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणली होती. ‘मॉपी’वरच्या खलाशांत कार्ल मोझ्ली होते आणि त्यांनीच पुढे सीक्राफ्ट नौकांचा तळ घडवला. आज ज्या जुन्या सांगाड्यांचे सर्वाधिक आवडीने रूपांतर होते त्या डिक बर्ट्रम यांच्या नावाच्या बर्ट्रम आणि मोझ्लींच्या सीक्राफ्ट या दोन्ही घराण्यांची मुळे अशी एकाच शर्यतीत सापडतात. ते सांगाडे इतके दणकट निघाले की त्यांनी आपली इंजिने दोन-दोन, तीन-तीन वेळा झिजवली, आणि प्रत्येक वेळी मालकापुढे तोच प्रश्न आला : पुन्हा आत इंजिन बसवायचे की बाहेर?

१९७० च्या दशकात हा प्रश्न कोणी गांभीर्याने घेत नसे. मर्क्युरीने १९७६ मध्ये १७५ अश्वशक्तीचे व्ही-सहा, म्हणजे व्ही आकारात सहा सिलिंडरांचे, आऊटबोर्ड आणले तेव्हा ताकदीची दरी कमी झाली, पण इंधनाची भूक कायम राहिली. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतानाच त्याचा काही भाग जळण्याआधीच धुराबरोबर बाहेर पडत असे, आणि हे नुकसान पेट्रोलच्या पाव भागाहूनही अधिक असू शकत असे. इतके इंधन पाण्यात सोडणारे यंत्र मोठ्या नौकेच्या मालकाला परवडणारे नव्हते.

माझ्या मते या कथेतला निर्णायक क्षण कोणत्याही कारखान्यात घडला नाही, तो कायद्याच्या मसुद्यात घडला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये आऊटबोर्डसाठी उत्सर्जनाचे नियम जाहीर केले. १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने हायड्रोकार्बन, म्हणजे धुरातून जाणारे न जळलेले इंधन, सुमारे ७५ टक्क्यांनी कमी करणे त्यांत बंधनकारक होते. होंडा १९६४ पासून इंधन असे वाया न घालवणारे लहान फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड बनवत होतीच, पण आता सर्वांनाच मोठे फोर-स्ट्रोक किंवा थेट इंधन फवारणीचे टू-स्ट्रोक बनवणे भाग पडले. त्यातून २००४ मध्ये मर्क्युरीची व्हेराडो मालिका आणि २००७ मध्ये यामाहाचे ३५० अश्वशक्तीचे व्ही-आठ आले. याच सुमारास पारडे दुसऱ्या बाजूनेही झुकले, कारण २०१० च्या मॉडेलपासून पेट्रोलवरच्या इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह इंजिनांनाही नवे नियम लागू झाले आणि धुराच्या वाटेत तो स्वच्छ करणारे कॅटॅलिस्ट बसवावे लागून त्यांची किंमत वाढली. २०२१ मध्ये मर्क्युरीने ६०० अश्वशक्तीचे व्ही-बारा आऊटबोर्ड दाखवले तोवर मोठ्या नौकेचे यंत्र आतच असले पाहिजे ही समजूत जवळजवळ संपली होती.

खाऱ्या पाण्याने गंजणारे एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारे नळकांडे, स्टर्नड्राइव्हचे ठरावीक काळाने बदलावे लागणारे रबरी बेलोज, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या चुण्यांच्या नळ्या, आणि थंड प्रदेशात इंजिनातले पाणी काढायचे राहिले तर गोठून तडकणारा इंजिन ब्लॉक, या नेहमीच्या कटकटींना कंटाळलेल्या मालकाला आऊटबोर्ड मोहवते, कारण ते उभे ठेवले की त्यातले पाणी आपोआप निथळते आणि बिघडलेच तर अख्खे यंत्र उचलून नवे लावता येते.

मात्र नौकेचा इतिहास तिच्या तळात कोरलेला असतो. बर्ट्रम ३१ या नौकेत दोन इंजिने कॉकपिटमधल्या, म्हणजे मागच्या उघड्या भागातल्या, पेट्यांखाली असतात आणि तळाचा तोल त्यांच्या वजनावर बेतलेला आहे. गिअरसह प्रत्येकी साडेचारशे किलोच्या आसपास जाणारी ती दोन इंजिने काढून अडीचशे किलोहून थोडी जड अशी ३०० अश्वशक्तीची दोन आऊटबोर्ड लावली तर एकूण वजन घटते, तरीही नौकेची मागची बाजू पाण्यात अधिक बसू शकते, कारण उरलेले वजन आता अगदी टोकाला, तेही ट्रान्समच्या पलीकडे, लटकलेले असते. म्हणून जाणकार कारागीर इंधनाची टाकी आणि बॅटऱ्या पुढे सरकवतात. तसे केले नाही तर वेग घेताना नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, आकाशाकडे जाते आणि सपाट पाण्यावरही नौका हेलकावत राहते.

स्टर्नड्राइव्हच्या नौकेत ट्रान्समला मोठे भोक असते. ते बुजवताना केवळ फळी ठोकून भागत नाही. भोकाच्या कडा दूरवर उतरत्या घासून त्यावर फायबरग्लासचे थर एकावर एक चढवावे लागतात, म्हणजे नवा भाग जुन्यात मुरतो. आतल्या प्लायवूडमध्ये पाणी शिरून ते कुजलेले आढळले, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या नौकेत ते बहुधा आढळतेच, तर सगळा ट्रान्सम नव्याने भरावा लागतो, कारण पूर्वी त्यावर इंजिन टांगलेले नव्हते आणि आता सारा जोर त्याच्यावरच येणार असतो. पूर्वी ट्रान्सम मध्यभागी कापून खाली आणत, पण मागून आलेली लाट त्या खाचेतून थेट आत शिरे. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या, पोकळ पेटीसारख्या ब्रॅकेटने हा प्रश्न बराचसा सोडवला. ट्रान्सम पूर्ण उंच राहतो, इंजिन मागे सरकते, आणि ते जितके फूट मागे जाईल तितके इंच वर चढवावे असा ढोबळ नियम कारागीर पाळतात, कारण तळाखालून सुटलेले पाणी मागे गेल्यावर वर येते.

आपल्याकडे हा प्रवास सरळ रेषेत झाला नाही. केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात वल्ह्याच्या होड्यांना रॉकेलवर चालणारी आऊटबोर्ड लागली, आणि रिंगसीन, म्हणजे माशांच्या थव्याभोवती फिरवून आवळायच्या, जाळ्यांच्या मोठ्या वळ्ळमांवर (तिथल्या लांबट होड्यांवर) एकाच वेळी दोन-तीन आऊटबोर्ड दिसू लागली. पुढे इंधनाचा खर्च पेलेना, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणांनी उलट दिशेने जाऊन पोटात डिझेल इंजिन बसवले. कोकणातही देवबाग-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या हलक्या फायबरच्या बोटींवर आऊटबोर्ड शोभते. ट्रॉलरला, म्हणजे जाळे मागे ओढत नेणाऱ्या मासेमारी नौकेला, मात्र तासन्‌तास कमी वेगाने जड जाळे ओढायचे असते, त्यासाठी मोठा, संथ फिरणारा पंखा आणि गिअरने वेग घटवलेले डिझेल इंजिनच लागते, आणि लहान पंखा भराभर फिरवणाऱ्या आऊटबोर्डला ते काम झेपत नाही.