व्हर्च्युअल होस्ट

व्हर्च्युअल होस्ट : एकाच वेब सर्व्हरवरून, बहुधा एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील संगणकाच्या क्रमांकावरून), निरनिराळ्या डोमेन नावांची अनेक संकेतस्थळे चालवण्याची व्यवस्था. अपॅची या वेब सर्व्हर प्रणालीत तिला हेच नाव आहे. एनजिनएक्स ही दुसरी प्रणाली वापरणारे तिला सर्व्हर ब्लॉक म्हणतात. शेअर्ड होस्टिंग म्हणून जी स्वस्त जागा विकली जाते, ती याच व्यवस्थेवर चालते.

ब्राउझर आधी डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडून) डोमेनचा आयपी पत्ता मिळवतो आणि त्या पत्त्याशी जोडणी करतो. एचटीटीपी या पाने मागवण्याच्या नियमावलीच्या १.० आवृत्तीत त्यापुढे फक्त पानाचा मार्ग कळवला जाई. कोणत्या स्थळाचे पान, हे कळवण्याची सक्ती नव्हती. म्हणून प्रत्येक स्थळाला वेगळा आयपी पत्ता घ्यावा लागे. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ च्या प्रमाणकाने विनंतीत ‘होस्ट’ हेडर (स्थळाचे नाव सांगणारी ओळ) बंधनकारक केला आणि नावावरून स्थळ ओळखण्याची पद्धत रुळली. एचटीटीपीएसमध्ये (एचटीटीपीच्या सुरक्षित रूपात) मात्र अडचण उरली, कारण होस्ट हेडर पोहोचण्याआधीच सर्व्हरला आपली ओळख पटवणारे सर्टिफिकेट दाखवावे लागते. जून २००३ मधील आरएफसी ३५४६ या प्रमाणकाने एसएनआय हा तोडगा दिला : ब्राउझर जोडणीच्या सुरुवातीलाच नाव सांगतो. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्स्प्लोररला एसएनआय कधीच आले नाही, त्यामुळे सुरक्षित स्थळांसाठी स्वतंत्र आयपी घेण्याची प्रथा आणखी काही वर्षे टिकली.

मांडणी : डेबियन किंवा उबुंटूवर दुकानाचे आणि शाळेचे अशी दोन स्थळे ठेवायची आहेत असे समजू. प्रथम दोन्ही डोमेनच्या, तसेच त्यांच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू रूपांच्या ए नोंदी (डीएनएसमध्ये नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरच्या आयपीकडे वळवाव्यात. चालू स्थळ हलवायचे असेल तर एक दिवस आधी टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ साठवून वापरावी ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावा.

प्रत्येक स्थळाला स्वतंत्र फोल्डर द्यावे आणि त्याच्या आत ‘पब्लिक’ असे आणखी एक फोल्डर करून तेवढेच सर्व्हरला दाखवावे. हे आळसापोटी टाळले जाते आणि मग पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल किंवा गिट या कोडचे बदल जपणाऱ्या साधनाचे लपलेले फोल्डर कुणालाही ब्राउझरमधून उतरवता येते. फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ परवानग्या (लिहिणे फक्त मालकाला, वाचणे सर्वांना) पुरतात. ७७७ (सर्वांना सर्व मुभा) देऊन अडचण सुटल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात त्या मशीनवरील कोणतीही प्रक्रिया त्या जागी लिहू शकते.

कॉन्फिग (मांडणीची) फाइल दर स्थळाला एक, ‘साइट्स-अव्हेलेबल’मध्ये. अपॅचीत तिच्यात पोर्ट (जोडणी स्वीकारण्याचा क्रमांक), सर्व्हरनेम (मुख्य नाव), सर्व्हरअलियस (इतर नावे), डॉक्युमेंटरूट (दाखवायचे फोल्डर) आणि दोन लॉग (नोंदींच्या फाइली) एवढे असले तरी काम भागते. फाइलीच्या नावाशेवटी डॉट कॉन्फ हवेच, नाहीतर स्थळ सुरू करणारी आज्ञा ‘असे स्थळ नाही’ असे सांगते. एनजिनएक्समध्ये ‘साइट्स-एनेबल्ड’ या चालू स्थळांच्या फोल्डरमधील सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारी खूण) हाताने करावी लागते. तिथे पूर्ण मार्ग द्यावा. अर्धवट मार्ग दिला तर तो लिंकच्या जागेपासून मोजला जातो आणि समोर दिसणारी फाइल ‘सापडत नाही’ असे उत्तर येते.

त्यानंतर कॉन्फिग तपासावे आणि रीलोड करावे (चालू सर्व्हरला ते पुन्हा वाचायला लावावे), रीस्टार्ट नव्हे. फाइलीत एक अर्धविराम द्यायचा राहिला असेल तर रीलोडमध्ये एनजिनएक्स जुन्या कॉन्फिगवर चालू राहतो. रीस्टार्टमध्ये शाळेच्या चुकीमुळे दुकानही बंद पडू शकते.

न जुळलेले नाव : आलेले नाव कोणत्याच होस्टशी जुळले नाही तर सर्व्हर चूक दाखवत नाही, त्या पोर्टवरचा पहिला होस्ट पुढे करतो. ‘माझ्या डोमेनवर दुसऱ्याचीच साइट दिसते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. अपॅची फाइली वर्णानुक्रमे वाचतो, म्हणून मूळ फाइलीच्या नावात आधी तीन शून्ये असतात. सर्टिफिकेट फक्त दुकानाला घेतले असेल तर शाळेच्या नावाने आलेली एचटीटीपीएस विनंतीही दुकानाच्याच होस्टकडे जाते, आणि ब्राउझर नाव जुळत नसल्याचा इशारा देतो. यावर उपाय म्हणजे कोणत्याही स्थळाचा नसलेला एक पहिला होस्ट मुद्दाम ठेवणे. एनजिनएक्समध्ये तो ४४४ हा संकेत परत करून जोडणी तोडतो, आणि १.१९.४ आवृत्तीपासून हँडशेकच (सुरक्षित जोडणीची सुरुवातच) नाकारण्याची सोय आहे.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) मुळे हाच घोटाळा काही जणांनाच दिसतो. डीएनएसमध्ये चार ए असलेली (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद आहे पण एनजिनएक्सच्या ब्लॉकमध्ये फक्त ‘लिसन ८०’ लिहिले आहे, तर तो ब्लॉक आयपीव्ही४ वरच ऐकतो. मोबाइल नेटवर्कवरून आयपीव्ही६ ने येणाऱ्याला मूळ स्वागतपान दिसते आणि ऑफिसातून सारे ठीक दिसते. एकच नाव दोन फाइलींत आले तर नंतरचा ब्लॉक दुर्लक्षिला जातो. तपासणीत फक्त एक इशारा येतो आणि खाली ‘यशस्वी’ छापले जाते, म्हणून ती ओळ नजरेतून सुटते.

देवनागरी डोमेन असेल तर आणखी एक खबरदारी. डॉट भारत ही देवनागरी नावे २०१४ पासून मिळतात, पण ब्राउझर होस्ट हेडरमध्ये देवनागरी पाठवत नाही. एक्सएन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारे प्युनीकोड (रोमन अक्षरांतले) रूप पाठवतो. कॉन्फिगमध्ये तेच लिहावे. देवनागरी लिहिले तर जुळणी होत नाही.

४०३ (प्रवेश नाकारल्याचा संकेत) : एकाच आकड्याची दोन कारणे असतात आणि ती एरर लॉगमध्येच कळतात. अपॅची २.४ मध्ये ‘एएच०१६३०’ दिसले तर कॉन्फिगने मनाई केली आहे. फोल्डर नेहमीच्या जागेबाहेर असल्यास ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ द्यावे लागते. ‘एएच०००३५’ दिसले तर वाटेतल्या एखाद्या वरच्या फोल्डरवर सर्व्हरला प्रवेशाची परवानगी नाही. उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डर ७५० परवानगीने तयार होते, त्यामुळे तिथे ठेवलेली स्थळे हमखास याला अडकतात.

सर्टिफिकेट : लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेटे ९० दिवसांची असतात, सर्टबॉट हे साधन त्यांचे नूतनीकरण आपोआप करतो. एचटीटीपी पडताळणीसाठी (डोमेन आपल्या ताब्यात आहे हे त्या मार्गाने दाखवण्यासाठी) पोर्ट ८० उघडे हवे. ‘आता सगळे एचटीटीपीएसवर आहे’ म्हणून फायरवॉलमध्ये ते बंद केले की पुढचे नूतनीकरण फसते. डीएनएस वळण्याआधी वारंवार प्रयत्न करू नयेत, कारण एका नावासाठी तासाला पाच अपयशांनंतर थांबावे लागते. चाचणीसाठी वेगळा स्टेजिंग पत्ता आहे. वाइल्डकार्ड (सर्व उपडोमेनांना चालणारे) सर्टिफिकेट मार्च २०१८ पासून मिळते, पण त्याला डीएनएस पडताळणीच लागते.

स्थळे वेगळी राखणे : सर्व पीएचपी स्थळे एकाच वापरकर्त्याखाली चालली तर एका जुनाट प्लगइनमधून शिरलेला माणूस बाकीच्यांच्या फाइलीही वाचतो. पीएचपी-एफपीएम या पीएचपी चालवणाऱ्या सेवेत प्रत्येक स्थळाला आपला वापरकर्ता असलेला वेगळा पूल (प्रक्रियांचा गट) द्यावा. पण पूल वाढले की मेमरीचा हिशेब चुकतो : एका प्रक्रियेला ५० एमबी धरली, तर पाच स्थळांना प्रत्येकी २० प्रक्रिया म्हणजे ५ जीबी. २ जीबीच्या सर्व्हरवर गर्दीच्या वेळी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरी मोकळी करायला प्रक्रिया मारू लागतो आणि बऱ्याचदा बळी डेटाबेसचा जातो. मग सगळीच स्थळे एकदम पडतात, आणि दोष ज्या स्थळाचा, त्याच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही.

लॉग स्थळागणिक वेगळे असावेत, पण नेहमीच्या लॉग फोल्डरमध्येच. दुसरीकडे ठेवले तर लॉगरोटेट या जुने लॉग काढून टाकणाऱ्या साधनाला ते दिसत नाहीत आणि काही महिन्यांनी डिस्क भरते. शेकडो स्थळे असतील तर उघड्या फाइलींची मर्यादा आड येते. तेव्हा एकच लॉग ठेवून प्रत्येक ओळीत स्थळाचे नाव छापणे बरे.