त्सेत्से माशी आणि क्रीमची ट्यूब

मेलार्सोप्रॉल प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरता येत नसे. ते ज्या द्रावकात मिसळलेलं असे त्याने प्लास्टिक खराब होई, म्हणून काचेची सिरिंज लागायची. आणि हेच औषध आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या रुग्णांच्या शिरेत टोचलं जाई. शिरेतून आग धावते, असं रुग्ण सांगत. आर्सेनिक असलेलं हे औषध 1949 पासून वापरात होतं. ते घेणाऱ्या वीसांपैकी साधारण एक जण औषधानेच दगावे. तरी डॉक्टर ते देत, कारण न द्यावं तर मरण जवळजवळ ठरलेलं. त्सेत्से माशीच्या चाव्यातून शिरलेला परजीवी शेवटी मेंदू गाठतो. मग दिवसा झोप आवरत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि माणसाचं वागणं घरच्यांनाही ओळखू येईनासं होतं.

दुसरं औषध होतं. कर्करोगासाठी शोधलेलं एफ्लोर्निथिन तिथे फारसं चाललं नाही, पण निद्रारोगाला लागू पडलं. पेशींच्या वाढीला लागणारं एक एन्झाइम ते बंद पाडतं. 1990 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि 1995 मध्ये उत्पादन थांबलं. रुग्ण हजारोंनी होते, पण त्यांची ऐपत नव्हती. 2000 मध्ये तोच रेणू अमेरिकेत पुन्हा आला तो बायकांच्या चेहऱ्यावरच्या केसांची वाढ मंदावणारं क्रीम बनून. केसांच्या मुळाशीही तेच एन्झाइम काम करतं.

ते क्रीम वापरणाऱ्या बायकांचा त्रासही खरा आहे, त्यांच्याकडे बोट दाखवणं चुकीचं ठरेल. मला खटकतं ते हे, की कशावर संशोधन व्हावं आणि कोणतं औषध बनत राहावं, हे आपण रोग्याच्या खिशावर सोपवलं आहे. ही व्यवस्था माणसांनीच बनवली आहे, म्हणजे ती बदलताही येते.

थोडी बदललीही. जनमताचा दबाव वाढला आणि 2001 मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने एफ्लोर्निथिन जागतिक आरोग्य संघटनेला देऊ केलं. पण त्याच्या 14 दिवसांत 56 सलाइन! वीज नसलेल्या गावातल्या नर्सने ते कसं जमवायचं? दुर्लक्षित रोगांच्या औषधांसाठी 2003 मध्ये एक ना-नफा संस्था उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेने जुने, टाकून दिलेले रेणू धुंडाळले. त्यात 1980 च्या दशकात बाजूला ठेवलेलं फेक्सिनिडाझोल सापडलं. 2018 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने निद्रारोगासाठी त्याला अनुकूल कौल दिला. त्याच्या गोळ्या असतात, दहा दिवस, जेवणासोबत घ्यायच्या.